मागच्या मोरीची भिंत

आपल्या घराच्या मागच्या मोरीत, कपडे धुण्याचं मशीन ठेवलं आहे त्याच्या मागे, एक ओली भिंत आहे. तुम्ही दोघं मागच्या वेळी बेंगळुरूला आलात तेव्हा लहान होतात, आणि पाय घसरेल म्हणून तुमच्या आईने तुम्हाला तिकडे जाऊ दिलं नव्हतं. वरच्या मजल्यावर भाडेकरू राहतात. त्यांच्या बाथरूमचा पाइप आत कुठेतरी गळतो. नेमका कुठे, ते आलेल्या प्रत्येक प्लंबरने वेगळं सांगितलं. भिंतीवर वरून खाली तपकिरी ओघळ आले आहेत, रंगाचे पोपडे सुटले आहेत आणि एका कोपऱ्यात हिरवट काळी बुरशी धरली आहे. तुमचे बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, "आई, ती भिंत करून घेतलीस का?" मी म्हणते, "घेते." बाकी घरात सगळं जागच्या जागी असतं, हे तुम्हाला माहीत आहे. डब्यांवर नावं आहेत, किल्ल्यांना रंगीत दोरे आहेत. त्या एका भिंतीपुढे मात्र मी हात टेकले.

तुम्ही त्या सिनेमाची हकीकत विचारलीत. फोनवर एवढं बोलायला आता धाप लागते, म्हणून लिहून पाठवते. अडेल तिथे आई वाचून दाखवेल.

आधी थोडं मागचं. तुमचे आजोबा आणि मी इथल्या एका फिल्म सोसायटीचे सभासद होतो. रविवारी सकाळी एका भाड्याच्या हॉलमध्ये लाकडी खुर्च्यांवर बसून आम्ही गाणी नसलेले, खरे म्हणावेत असे सिनेमे पाहायचो. दुष्काळ, सावकार, आटलेली विहीर, शहरात येऊन हरवलेला माणूस. माझं इंग्रजी बरं म्हणून दर सिनेमाआधी वाटायचं पानभर टिपण मी लिहायचे. सिनेमा संपला की कोणी बोलायचं नाही. सगळे खाली मान घालून जिना उतरायचे. उपासमारीचा सिनेमा असला की जास्तच पंचाईत, कारण भूक सगळ्यांनाच लागलेली असायची आणि ते पहिल्यांदा बोलायचं कोणी, हा प्रश्न असायचा. शेवटी आजोबाच इथल्या कन्नड वळणाने म्हणायचे, "सरी, बरं, आता स्वल्प काहीतरी खाऊया." मग सगळे सुटल्यासारखे समोरच्या हॉटेलात शिरायचे.

आजोबा गेल्यावर मी असे सिनेमे पाहणं सोडलं. दुःखामुळे नव्हे. मला कंटाळा आला होता. पडद्यावर एखादी बाई विहिरीकडे घागर घेऊन निघाली की आता काय होणार ते मला आधीच कळायचं, आणि तिच्याबरोबर तिथवर चालत जायची शक्ती माझ्यात उरली नव्हती.

अशात आजोबांच्या मावसबहिणीची नात माझ्याकडे यायला लागली. पुण्याची मुलगी. मारतहळ्ळीला भाड्याने राहायची, बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत नोकरी करायची. एक दिवस तिथून इथे आपल्या बनशंकरीपर्यंत ट्रॅफिकमधून येऊन, दारातच चप्पल काढता काढता म्हणाली, "आजी, मी जॉब सोडला. फिल्म करतेय."

"बस आधी," मी म्हटलं. "पाणी पी."

सिनेमा छोटाच होता. लोकांच्या घरी स्वयंपाक करणारी एक बाई, दिवसभर चार घरची जेवणं करते आणि रात्री स्वतःच्या घरी आल्यावर तिच्यात शेगडी पेटवायचंही त्राण नसतं. बस, एवढंच. एक खोली, एक बाई. नाटकातली एक नटी ते काम करणार होती. मला खरं सांगायचं तर गोष्ट आवडली. मी तसं म्हटलंही. आणि मग ती स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाली, "आजी, तुमच्या अक्का कुठे राहतात?"

अक्का तुम्हाला आठवते. तुमच्यासाठी गोल गोल डोसे करायची ती. तुमचे बाबा कॉलेजात होते तेव्हापासून ती आपल्याकडे स्वयंपाकाला येते. ती मला अम्मा म्हणते. तिला आपलं मराठी सगळं कळतं, पण बोलते कन्नडच. इथे मी तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे, त्यात तिचा ठसका थोडा कमी होतो, त्याला इलाज नाही.

अक्काने तिला घर दाखवायला नेलं. मुलगी परत आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. "आजी, तिच्या शेगडीमागची भिंत! ओल आलेली, धुराने काळी झालेली, वर्षानुवर्षांचं सगळं त्या भिंतीवर आहे. मला संवादच लागणार नाहीत. ती भिंतच बोलते." तिने फोनवर फोटो दाखवला. भिंत खरोखर तशीच होती. अक्काही लगेच तयार झाली. मला आश्चर्य वाटलं, कारण एरवी ती परक्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नाही.

दुसऱ्या दिवशी कणीक मळताना तिने कारण सांगितलं. "अम्मा, माझ्या पोरीचं लग्न जमतंय. मुलगा तुमकूरकडचा आहे, इथे बँकेत आहे. त्याची आई दिवसभर फोनवर काही ना काही बघत असते. आमचं घर सिनेमात आलं तर तीही बघेल ना?"

"बघेल," मी म्हटलं.

"मग झालं तर. ते लोक अजून घर बघायला आलेले नाहीत. पोरगी शिकलेली आहे, दिसायला बरी आहे. पण आई लोकांकडे स्वयंपाक करते, म्हणून त्यांचं पाऊल अडलंय. घर बघितलं की कळेल त्यांना आम्ही कसे राहतो ते."

इथेच मी काही बोलायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण दोघीही इतक्या खुशीत होत्या, आणि मला वाटलं, होईल काहीतरी. या वयात असं फार वाटतं.

शूटिंगच्या दिवशी सकाळी मुलगी मला न्यायला आली, कारण तिला कन्नड येत नव्हतं आणि मध्ये बोलायला कोणीतरी हवं होतं. माझे गुडघे त्या दिवशी वाईट होते. रिक्षातून उतरून गल्लीत शिरलो तर अक्का दारातच उभी. ठेवणीतली साडी, डोक्यात मोगरा. दारापुढे रांगोळी. कॅमेरावाला तरुण आणि सामान उचलणारे दोघे तिच्या मागून आत गेले आणि तिथेच थांबले. मी सगळ्यांच्या मागून गेले.

शेगडीमागची भिंत फिकट जांभळी झाली होती. नुसती ती भिंतच नाही, सगळी खोली. आदल्या रविवारी अक्काच्या भावाने येऊन रंग दिला होता. ओल खरवडून, वर सिमेंट लावून, व्यवस्थित. शेगडीच्या वर एक चकचकीत रॅक ठोकली होती आणि तिच्यात भांडी उंचीप्रमाणे मांडली होती. खोलीत रंगाचा वास होता. चांगलं दिसत होतं, हो. मला तर फार चांगलं वाटलं.

मुलगी त्या भिंतीकडे बघत राहिली. मग मला मराठीत म्हणाली, "आजी, हे काय केलं त्यांनी?"

"रंग दिला," मी म्हटलं.

"पण मी या भिंतीसाठीच..." कॅमेरावाला तिला बाजूला घेऊन काहीतरी समजावू लागला. चहाचं पाणी, कोळशाची पूड, स्पंज, तासाभरात भिंत पहिल्यासारखी करून देतो, असं तो म्हणत होता. अक्काला ते पुरतं कळलं. मराठी होतं.

"काय पहिल्यासारखी?" ती कन्नडात म्हणाली. "अम्मा, विचारा तिला, काय पहिल्यासारखी?"

मी विचारलं. मुलगी समजुतीने बोलायचा प्रयत्न करत होती, हे मला तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. "अक्का, शूटिंग झालं की आम्ही परत रंग देऊ. यापेक्षा चांगला. फक्त काही दिवस."

"आणि सिनेमात?"

"सिनेमात... जुनी दिसेल."

"म्हणजे सिनेमात कायम तशीच राहणार."

मुलगी माझ्याकडे वळली. "आजी, त्यांना सांगा ना. मला खोटं दाखवायचं नाही. आपल्याकडच्या सगळ्या सिनेमांत गरिबांची घरंसुद्धा गुळगुळीत असतात. मला ते करायचं नाहीये. खरं दाखवायचं आहे."

अक्काला ते कळलंच होतं, तरी मी कन्नडात परत सांगितलं, जमेल तेवढं. अक्काने भिंतीला तळवा लावला. "खोटं कुठे आहे? रंग खरा आहे. हात लावून बघ म्हणावं, अजून ओला असेल." मग मला म्हणाली, "हिच्या घरी पाहुणे येणार असतील तर ही झाडलोट करणार नाही? हिची आई कोळसा फासून बसते का?"

याचं भाषांतर मी केलं नाही. पण मुलीला कळलं असावं, तिचा चेहरा लाल झाला.

नटी दारातल्या पायरीवर बसून केस विस्कटून घेत होती. सामानवाले उन्हात उभे. मी एका स्टुलावर बसले. आम्ही त्या हॉलमध्ये पाहिलेल्या किती तरी भिंती मला आठवल्या. शेण निघालेल्या, पडक्या, काळ्या, आणि त्यांच्यापुढे बसलेल्या बायका. कॅमेरा यायच्या आदल्या दिवशी त्या घरच्या बाईने सारवून घेतलं असेल का? आणि कोणी येऊन ते परत उकरलं असेल का? असेलही, नसेलही. आता कळायची सोय नाही. त्यातल्या कितीएक भिंतींबद्दल मी पानभर इंग्रजी लिहिलं होतं आणि ते चांगलं होतं, असं आजोबा म्हणायचे.

"बेडा," अक्का शेवटी म्हणाली. नको. "मी शब्द दिला होता, घर देते. घर हे आहे. असं हवं तर घ्या. नाहीतर बेडा."

मुलगी रडत नव्हती, पण रडण्याच्या बेतात होती. नटीचे तेवढेच दिवस मोकळे होते, कॅमेरा भाड्याचा होता. दुसरं घर कुठे शोधणार? मला दोघींचाही राग आला नाही, फक्त फार थकवा आला. मी म्हटलं, "सगळे आमच्याकडे चला. चहा घ्या. काय ते तिथे ठरवा." अक्कासुद्धा आली. शेजारणीला किल्ली दिली, मोगरा काढून पदरात बांधला आणि आमच्या स्वयंपाकघरात चहा टाकला. तिच्याशिवाय कोण टाकणार?

कॅमेरावाला हात धुवायला मागे मोरीत गेला. बराच वेळ आला नाही. मग त्याची हाक आली. मुलगी उठून गेली. तिचाही आवाज येईना. अक्का चहाचा ट्रे घेऊन माझ्यासमोर थांबली, तिने मागे वाकून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू फुटलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"अम्मा," ती म्हणाली, "त्यांना तुमची भिंत आवडली."

पुढचे बरेच दिवस आमचं मशीन हॉलमध्ये सोफ्यापाशी उभं होतं. मोरीत फळी टाकून तिच्यावर शेगडी मांडली. अक्काने माळ्यावर टाकलेली तिची जुनी भांडी, पोचे पडलेली, आनंदाने आणून दिली. नवी रॅक द्यायला मात्र साफ नकार. एकीकडे मोरीत ती नटी ओल्या भिंतीपुढे बसून, दमून, न पेटवलेल्या शेगडीकडे बघत राहायची, पुन्हा पुन्हा, आणि दुसरीकडे स्वयंपाकघरात अक्का सगळ्यांसाठी बिसिबेळे भात करायची. फोडणीचा आवाज येतो म्हणून तिला सारखं थांबवायचे. एकदा ती पदराला हात पुसत मोरीच्या दारात उभी राहून बघत होती. मला हळूच म्हणाली, "सकाळपासून बसलीय ही. इतकं दमायला हिला झालं तरी काय?"

"ती तुझ्यासारखी बाई आहे. दिवसभर चार घरी काम करून आलीय," मी म्हटलं.

अक्काने थोडं आणखी पाहिलं. "खरंच असं होतं कधी कधी," ती म्हणाली. "पण तेव्हा मी भिंतीकडे नाही बघत. झोपते." आणि भात बघायला गेली.

त्याच महिन्यात तुमकूरचे लोक तिच्या घरी आले. अक्काने मलाही बोलावलं होतं. मुलाची आई जांभळ्या भिंतीला टेकून बसली, उप्पिट खाल्लं, रॅककडे दोनदा बघितलं. अक्काच्या लेकीचा आणि मुलाचा फोटो त्याच भिंतीपुढे काढला. जमलं. लग्न पुढच्या मुहूर्तावर ठरलं.

सिनेमा पुरा झाल्यावर मुलीने तो आधी आम्हाला दाखवायचं ठरवलं. ते तिचं चांगलंच वागणं होतं. हॉलमध्ये लॅपटॉपपुढे मी, अक्का आणि अक्काची लेक. सिनेमा छान झाला होता. इतक्या वर्षांनी असं काही बघताना मला कंटाळा आला नाही. एकदा तर मी विसरूनच गेले की त्या फळीखाली माझा साबणाचा डबा आहे. शेवटी काळ्या पडद्यावर नावं येऊ लागली. अक्का उठणार, तेवढ्यात लेकीने तिचा हात धरला.

"अम्मा, तुझं नाव!"

"कुठे?"

लेकीने वाचून दाखवलं. मुलीने विशेष आभार म्हणून अक्काचं पूर्ण नाव घातलं होतं, तिच्या वस्तीचं नाव घातलं होतं आणि वर लिहिलं होतं की तिच्या घराशिवाय आणि आयुष्याशिवाय हा सिनेमा झाला नसता. मुलगी आमच्याकडे वळून हसत होती. तिला वाटलं होतं, अक्का खूश होईल. सिनेमावाले अशा माणसांची नावं कधी घालत नाहीत, हे तिचं नेहमीचं म्हणणं होतं, आणि ते बरोबरच होतं.

अक्का खाली बसली. "काढ ते," ती म्हणाली.

"का?" मुलीने मला विचारलं. "आजी, का?"

"ती भिंत येते, आणि तिच्या मागोमाग माझं नाव येतं," अक्का म्हणाली. "वस्तीसकट. लेकीची सासू बघेल. ती विचारेल, आम्ही बसलो ते घर कोणाचं होतं मग? एका दिवसापुरतं कोणाकडून मागून आणलं होतं का?"

लेकीने ओठ आत घेतले होते.

"पण मला तुमचे आभार मानायचेत," मुलगी म्हणाली. "तुम्ही मला घर दाखवलंत. भांडी दिलीत. नाव नाही घातलं तर मीही त्या सगळ्यांसारखीच."

मी हे कन्नडात सांगायला तोंड उघडलं, पण अक्काने हात वर केला. तिला कळलं होतं. मुलीलाही इतक्या दिवसांत तिचं कळायला लागलं होतं. माझी गरज नव्हती, आणि तरी दोघी माझ्याकडेच बघत होत्या. मला वाटलं, आत जाऊन पडावं. मग मोरीतून थेंब पडल्याचा आवाज आला. मशीन अजून परत मागे नेलं नव्हतं, त्यामुळे भिंतीवरून उतरलेलं पाणी फरशीवर नीट ऐकू यायचं.

"भिंत कोणाची आहे?" मी मुलीला विचारलं.

"तुमची."

"मग माझं नाव घाल. घर माझं, मोरी माझी, वस्तीचं नाव बनशंकरी. तुला खरं तेच लिहायचं आहे ना?"

मुलीने मान डोलावली. अक्का म्हणाली, "भांड्यांसाठीही नको हं. भांडीसुद्धा अम्मांची." आणि चहा टाकायला उठली.

तर ते माझं नाव, जे तुम्ही तिकडे पडदा थांबवून वाचलंत, ते असं तिथे आलं.

सिनेमा इथल्या एका छोट्या सभागृहात दाखवला तेव्हा मी गेले. अक्का आणि तिची लेकही आल्या. खुर्च्या आता मऊ असतात. संपल्यावर मुलगी मंचावर गेली आणि प्रश्नोत्तरं झाली. कोणीतरी त्या घराबद्दल विचारलं, इतकं खरं घर कुठे सापडलं म्हणून. मुलीने माझ्याकडे हात केला. "ज्यांचं घर आहे त्या इथे बसल्यात." मला उभं राहावं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साधी सुती साडी, पांढरे केस, गुडघ्यामुळे थोडी वाकलेली मी.

बाहेर पडताना रेशमी ओढणी घेतलेल्या एका बाईने माझे दोन्ही हात धरले. तिचे डोळे ओले होते. कन्नडात, सावकाश, मला कळावं म्हणून एकेक शब्द सोडत म्हणाली, "अम्मा, तुम्ही किती सोसलंत."

आपण काय म्हणावं अशा वेळी? तिला खरं सांगायचं तर अक्काचं नाव निघालं असतं. मी म्हटलं, "हो. वरच्यांचा पाइप गळतो."

ती आणखीच कळवळली. तिने माझे हात दाबले आणि गेली. शेजारी अक्का पदर तोंडावर धरून हसू दाबत उभी होती, आणि लेक तिला कोपराने ढोसत होती.

रस्त्यावर आलो. कोणी काही बोलत नव्हतं. मी समोर हॉटेल आहे का ते बघत होते. तेव्हा अक्काच म्हणाली, "अम्मा, भूक लागली. आज मला बाहेरचं खायचंय."

भिंत अजून तशीच आहे. तुमच्या बाबांना सांगा, करून घेते.